निव्वळ वजन

ओटाहुहूच्या कोपऱ्यावर, बेकरी आणि टायरवाल्याच्या मध्ये
आमचं दुकान. काचेवर पिवळी अक्षरं:
टोंगाला पैसे पाठवा. फी शून्य.
मला ती आतून उलटी दिसतात.
सात वर्षं उलटीच वाचत आलेय.

दर गुरुवारी रात्रपाळी संपवून सेलुवाइया येते
कोंबड्या पॅक करायच्या कारखान्यातून.
बोटांत अजून बर्फ.
नोटांची तोंडं एका बाजूला करते,
दोनशे डॉलर फटीतून आत सरकवते.
"वावाउला. बहिणीला. नेहमीसारखे."

नेहमीसारखे म्हणजे
बाजारात डॉलरला एक बेचाळीस,
आमच्या फळ्यावर एक चौतीस.
बाजारभाव माझ्या स्क्रीनवर असतो, डाव्या कोपऱ्यात, बारीक,
आणि स्क्रीनचं तोंड माझ्याकडे.
दोनशेवर सोळा पाआंगा.
शिवाय तिकडे पैसे उचलताना तीन.
फी शून्यच. खोटं काहीच नाही.
काटा मारला म्हणायला काटा दिसावा लागतो,
इथे तराजूच काचेच्या आत.

आज तिनं नोटा सरकवल्या नाहीत.
"ओफा," म्हणाली, "काल माझे चाळीस क्रेट परत आले.
लेबलवर छापावं लागतं ना,
कोंबडी किती, आत मुरवलेलं पाणी किती.
दहा ग्रॅमनं चुकलं.
सुपरवायझर ओरडला, गिऱ्हाइकाला कळायला नको?
मग माझ्या पैशांत पाणी किती,
ते तुम्ही कुठे छापता?"

रांगेत कुणाचं तरी मूल किरकिरत होतं.
डोक्यावर मालकाचा कॅमेरा.
हातचा एक, हातचा एक म्हणत
किती जणींच्या हातचं गेलं,
याची बेरीज मी कधी केली नव्हती.
माझी आईही तिकडेच आहे.
मीही याच खिडकीतून पाठवते, याच भावानं.

मी स्क्रीन वळवली.
फार नाही,
चहाचा कप बाजूला केल्यावर जेवढी वळली तेवढीच.

ती वाचत राहिली. ओठ हलत होते.
"तिकडचे धरून एकोणीस."
एकोणिसांत वावाउला काय काय येतं
हे तिनं सांगितलं नाही.
दोघींनाही ठाऊक होतं.

"पाठव," शेवटी म्हणाली.
"सोमवारी भाचीची परीक्षा-फी भरायचीय, थांबून चालत नाही.
पण लिहून दे."

पावतीवर त्या आकड्याला रकानाच नाही.
मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिला, बॉलपेननं,
माझ्या वाईट अक्षरात.
तिनं पावती घडी घालून
कारखान्याच्या ओळखपत्रामागे ठेवली.

पुढच्या गुरुवारी ती गेल्यावर पाहिलं,
काचेवर, शून्याच्या अगदी खाली,
कारखान्यातलं एक लेबल चिकटवलेलं:
निव्वळ वजन, आणि पुढे मोकळी जागा.

मालक म्हणाला, खरवडून टाक.
हो म्हणाले.
ब्लेड शोधतेय अजून.