ऑर्फाचं तसराळं

माझ्या आजीचं नाव ऑर्फा.
शास्त्रात या नावाची एक सून आहे,
सासूचा मुका घेऊन जी माहेरी परतली.
रूथ राहिली, तिच्या नावाचं पुस्तक झालं.
ही गेली, तिला दीड ओळ मिळाली.
आजीच्या बापाला वाचता येत नव्हतं.
नाव कानाला बरं लागलं, ठेवून दिलं.

केंटकीतल्या आमच्या घळीत
ऊन दहाला उतरतं, तीनला निघून जातं.
तेवढ्यात धुणं वाळवायचं, तेवढ्यात पोरं.
तिच्याकडे निळ्या एनॅमलचं एक तसराळं होतं,
काठाचा टवका उडालेलं.
त्यात शेंगा मोडायची, मक्याचं पीठ कालवायची.
त्यात पाच लेकरं न्हाली.
त्यातली चार वाढली.
आणि वर्षातून एकदा, जूनमध्ये,
राखेनं घासून, फडक्यात बांधून
ती ते चर्चात न्यायची.
आमच्यात प्रभुभोजनानंतर बाया बायांचे पाय धुतात.
एके वर्षी समोर येऊन बसली वर्ना कॉम्ब्ज,
जिच्याशी कुंपणावरून सात वर्षं अबोला होता.
आजीनं तिचे मोजे उतरवले,
टाचांच्या भेगा पाहिल्या,
पाणी ओतलं.
दुसऱ्या दिवशी मलमाची डबी पाठवली माझ्या आईबरोबर.
बोलली मात्र नाही.
त्याला अजून एक वर्ष लागलं.

डेल्मर आजोबा खाणीतून आले
की फक्त डोळ्यांच्या पांढऱ्यावरून ओळखू यायचे.
पुढं तो कोळसा आतच राहायला गेला.
अकरा वर्षं ते खुर्चीत बसून झोपले,
आणि ती पलंग सोडून शेजारच्या खुर्चीत.
खोकला चढला की तसराळं पुढं धरायची,
मग धुऊन खिडकीत पालथं घालायची.
"त्याची इच्छा," असं तिनं कधी म्हटलं नाही.
म्हणायची, "खिडकी उघडू का?"

चर्चात गाण्याची वही नव्हती.
एक म्हातारा ओळ सांगायचा,
बाकीच्यांनी ती ओढत ओढत म्हणायची.
आजी नेहमी अर्धा श्वास मागे.
मला लाज वाटायची.
ती आजोबांच्या दमासाठी थांबत होती.
ते गेल्यावरही थांबत राहिली.

मी ओहायोला आले, प्रार्थना सुटली.
दर रविवारी तिचा फोन: "गेली होतीस?"
"गेले होते."
"कुठला उतारा वाचला?"
मी काहीतरी रचून सांगायची,
मेंढ्या, विहीर, एखादा राजा.
ती जराशी थांबून म्हणायची,
"बाई, चांगला उतारा आहे."
सगळं शास्त्र पाठ होतं तिला.

दफनानंतर तिचं बायबल माझ्या हाती आलं.
समासात पेन्सिलीनं: पहिलं हिंव कधी पडलं,
वेंडेलचा ताप, कुणाचं दुधाचं देणं.
रूथच्या पहिल्याच पानावर, त्या दीड ओळीशेजारी:
"९ मार्च १९६१. लेक्सिंग्टनपर्यंत."
आणि बसचं अर्धं फाटलेलं तिकीट.
मी मावशीला विचारलं.
ती म्हणाली, "हो, तेव्हा चार दिवस
आई तिच्या बहिणीकडे गेली होती."
मग बराच वेळ बश्या पुसत राहिली.
म्हणाली, "आईला बहीण कुठं होती गं?"

त्याच पानाच्या तळाशी, वेगळ्या दिवशीच्या पेन्सिलीनं:
"परत. बटाटे लावले."
का गेली, का आली, एक अक्षर नाही.
त्यानंतर छप्पन्न वर्षं ती राहिली,
आणि आम्ही समजत होतो
की राहणं तिला सोपं होतं.

तसराळं माझ्याकडे आहे, त्यात किल्ल्या ठेवते.
काल रात्री कामावरून आले, पाय भरून आले होते.
किल्ल्या काढल्या. कोमट पाणी घातलं.
आणि तशीच उभी राहिले, बूट घालून.
आपले पाय आपणच धुतले तर चालतं का,
हे तिला विचारायचं राहिलं.