अर्थाची वायर

पत्र्याला पहिलं भोक पाडण्याआधी
हाफ्लिदीनं टोपी काढून बाजूला ठेवली,
जेवायला बसताना काढतात तशी.
वीस वर्षं न गळलेला लँड क्रूझरचा टप.
"आता गळला तर माझ्या नावानं," म्हणाला
आणि ड्रिल दाबलं.

मी टॉर्च धरून.
टॉर्च धरणाऱ्याला हात नसतात, नुसत्या चुका असतात:
इकडे नको, तिकडे. डोळ्यांत नको, साल्वोर, वायरीवर.

बाहेर दुपारचे चार, म्हणजे रात्रच.
नोव्हेंबरात आमच्या फियोर्डमध्ये सूर्य
डोंगराच्या कडेवरून डोकावतो
आणि उधारी मागायला आलेल्या भिडस्त माणसासारखा
दारातूनच परत फिरतो.

भोकाच्या कडेला आधी रंग, मग रबराची टिकली,
मग काळं सीलंट, बोटानं चोपडलेलं.
वायर मासेमारीच्या दोऱ्याला बांधून
खांबाच्या आतून खाली ओढली.
जन्मभर ट्रॉलरवर वायरमन होता तो.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज.
"याहून लांब नको. जळायचीच तर वीतभर जळू दे."
मग रिले: काडेपेटीहून लहान डबी, तिला चार पाय.
"बटणातून जाते ती नुसती चिठ्ठी.
ओझं दुसऱ्या वाटेनं जातं."

शेवटी अर्थ.
काळी वायर, गाडीच्या अंगाला टेकवायची.
टेकवली. बोल्ट आवळला. बटण दाबलं.
आत कुठंतरी टक.
दिवे ठार.

पहिल्यापासून सगळं तपासून झाल्यावर
तो गुडघ्यांवर बसला, तोच बोल्ट सोडवला.
"रंगावर टेकवलंय आपण."
आणि पॉलिश कागदानं घासत राहिला
लोखंड उघडं पडेस्तोवर.
अर्थ असा वरवर लागत नाही.

दुसऱ्यांदा टक,
आणि समोरच्या काठावरचं मेंढ्यांचं कुंपण,
उपडी घातलेली बोट, डोंगराचा अर्धा पाय
सगळं एकदम, दचकून.
पलीकडून ओद्नी म्हातारीचा फोन:
"जहाज आलंय का? नसेल तर बंद करा,
माझ्या स्वयंपाकघरातली धूळ दिसतेय."

जानेवारीत पठारावरून बोलावणं आलं.
टपालाची व्हॅन, दोन माणसं, वादळ.
माथ्यावर पोचताच मी हौसेनं बटण दाबलं
आणि काचेपुढे चुन्याची भिंत उभी राहिली.
उडता बर्फ सगळा उजेड
आमच्याच डोळ्यांत परत फेकत होता.
"बंद कर." त्यानं मान वळवलीही नाही.
खालच्या पिवळ्या दिव्यांवर, चालत्या माणसाच्या वेगानं
आम्ही पुढे गेलो.
दोन दिवसांचं काम, चार भोकं, माझी सुजलेली बोटं.
मी काही बोलले नाही.

रस्ता जिथं संपल्यासारखा झाला
तिथं तो उतरला, कडेचे खुंट हातानं चाचपत.
"आता लाव. मी येईपर्यंत विझवू नकोस."

इंजिन चालू. पुढे पांढरं, मागे पांढरं.
वाऱ्याची शीळ मोडावी म्हणून
दिव्यांच्या दांडीला दोरी गुंडाळली होती आम्ही,
ती दोरीच शीळ घालत होती.
सगळ्या उजेडाच्या खाली बसून
मला वायपरपलीकडे काही दिसत नव्हतं.
एकोणीस मिनिटं.
फ्यूज. रिले. बोल्ट.
बोल्ट नीट आवळला होता ना?
मग भिंतीतून एक हातमोजा, मग मिशीवरचा बर्फ,
मग त्याचा पट्टा धरून दोघं.
टपालवाला पोरगा आत बसल्यावर, दात वाजवत:
"आम्हाला वाटलं, गाव आलं."
हाफ्लिदी थर्मासचं झाकण उघडत होता.
ऐकलं की नाही कोण जाणे.

आता जून. रात्र औषधाला नाही.
त्यानं सांगून ठेवलंय: महिन्यातून एकदा लावत जा,
नाहीतर वायरींची तोंडं गंजतात.
म्हणून मध्यरात्री, लख्ख उन्हात,
अंगणातल्या गाडीत बसून मी बटण दाबते.
उजेड पडला का, कळायला मार्ग नाही.
टक,
एवढं ऐकू येतं.