दंड

चिल्वा सरोवराकाठच्या आरोग्य केंद्रात
जमिनीवर अजून आहेत ती वर्तुळं,
पांढरी, दोन-दोन मीटरवर,
साथीत आखलेली.
आता त्यांच्यात पोरं उड्या मारतात
आणि दाराजवळच्या वर्तुळात
एक कोंबडी बसलेली असते.
तिला कुणी हाकलत नाही.

फाइनेस रजिस्टर उघडते.
शाळेची वही ती, रेघा तिनंच मारलेल्या,
छापील रजिस्टरं जूनमध्येच संपली.
साथीत सगळं होतं, ती सांगते,
कुणी विचारलं नाही तरी सांगते:
तंबू आठ दिवसांत आला.
हातमोजे आले खोक्यांनी, इतके
की पोरांनी फुगवून त्यांचे चेंडू केले.
प्राणवायूचं यंत्र आलं
विमानातून, मग ट्रकमधून,
शेवटचे सहा किलोमीटर बैलगाडीतून.
गाडीवानानं भाडं घेतलं नाही.
आता ते यंत्र कोपऱ्यात
जुन्या चितेंजेखाली झाकून ठेवलंय.
त्याची एक जाळी बदलायची आहे.
जाळीची किंमत डॉलरमध्ये आहे.

गुरुवारी क्वाचा पडला.
झोपताना एक भाव होता, उठताना दुसरा.
रेडिओवरचा माणूस म्हणाला, समायोजन.
तिनं तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला,
भातात खडा लागावा तसा
दाताखाली आला.
बाजारात मतेंबा मासे
ढिगानं विकणारी बाई
आता मोजून विकते. सहा. पाच.
शेपट्या जोडून मांडते,
म्हणजे जास्त दिसतात.

मग पत्र आलं:
नर्सच्या दोन्ही रिकाम्या जागा
पुढील आदेशापर्यंत गोठवण्यात येत आहेत.
फाइनेस हसली.
इथं काहीच गोठत नाही हो.
लशींचा फ्रीजसुद्धा
घासलेट असेल तेवढाच वेळ गार.

पट्टा आवळा, मंत्री म्हणाले,
थोडे दिवस कळ सोसा,
घाव भरताना खाजतोच.
डॉक्टरांसारखं बोलू लागलेत सगळे
डॉक्टर निघून गेल्यापासून.

एनिफा पाठीवरचं मूल सोडवते.
सोडवायला वेळ लागत नाही,
गाठ मारलेली कळत नाही इतकं ते हलकं.
फाइनेस पट्टी काढते,
हिरवी, पिवळी, लाल,
मुलाच्या डाव्या दंडाभोवती फिरवते.
ही पट्टी आवळायची नसते.
पहिल्याच दिवशी शिकवलेलं:
नुसती टेकवायची,
कातडीला सुरकुती पडता कामा नये.
ती टेकवते.
छोट्या खिडकीत लाल येतं.
अकरा पूर्णांक तीन.

दंड किती आणि कुणी भरायचा
याची बैठक झाली म्हणे राजधानीत,
काचेच्या हॉटेलात, तीन दिवस.
हप्ते ठरले. अनुदानं ठरली, म्हणजे गेली.
दोन्ही बाजूंनी हात मिळवले
(साथ संपल्याची तेवढी एक खूण).
तिथं कुणी वाईट नव्हतं, असं फाइनेसला वाटतं.
पण सेंटिमीटरात
कुणी काही मागितलं नसणार.

नाव?
यांखो.
त्यांच्या भाषेत याचा अर्थ, उत्तर.
फाइनेस लिहिते. स्पेलिंग विचारत नाही.
खोक्यात शेंगदाण्याच्या पेस्टची
पाकिटं उरलीत नऊ.
नियमानं आठवड्याची चौदा द्यायची.
ती पाच मोजते.
खोकं बंद करते.
उघडून आणखी एक देते
आणि वहीत पाच लिहिते,
आयुष्यातला पहिला खोटा आकडा,
ज्या वहीच्या रेघाही तिच्याच.

एनिफा एक पाकीट दातानं फोडते,
बोटावर घेऊन मुलाच्या ओठांना लावते.
मूल आधी नुसतं बघतं.
मग चोखायला लागतं, आणि थांबत नाही,
पेस्ट संपली तरी बोट सोडत नाही.

पट्टी गुंडाळून फाइनेस खिशात ठेवते.
बाहेर अजून सतरा जणी.
वर्तुळं अकरा,
त्यातलं एक कोंबडीचं.