एल

म्हसरूळच्या नाक्यावरून पिकअप सुटते पावणेसातला.
आम्ही चौदा जणी, डबे मांडीवर,
फेब्रुवारीची थंडी पदराच्या आत.
पॅकहाऊसच्या दारात टोपी, मास्क, हातमोजे,
आणि बांगड्या काढून डबीत.
परवा घाईघाईत माझी एक वाढली.
गांगुर्डे सुपरवायझर म्हणाले, फुटली का?
म्हटलं, फुटली म्हणू नये, साहेब. वाढली म्हणावं.
त्यांनी रजिस्टरात लिहिलं :
काच, दोन तुकडे, गेटबाहेर.

माझ्याजवळ एक पांढरी पट्टी असते,
तिला भोकं : सोळाचं, अठराचं, विसाचं.
घड उचलायचा, मणी भोकाला लावायचा.
अडकला तर अठरा.
पडला तर नाही.
अठराचे घड ज्या खोक्यात जातात
त्यावर मी शिक्का मारते : एल.
दिवसाला सहाशे वेळा, कधी सातशे.
एवढं एकच इंग्रजी अक्षर
मी लिहिलंय आयुष्यात, तेही रबराचं.

एल म्हणजे लार्ज, लार्ज म्हणजे मोठा,
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
पण मोठा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मणी येत नाही,
मोठ्या जाऊबाई येतात.
चार फूट दहा इंच,
आणि त्या ओट्यापाशी आल्या
की अख्खं घर खालच्या पट्टीत.
मोठा घास येतो, तो नेहमी लहान तोंडीच.
मोठं मन येतं, जे दुसऱ्यानं करायचं असतं.
प्राचीच्या वर्गबाई म्हणाल्या होत्या,
मुलगी मोठी झाली हं तुमची,
आणि आम्ही दोघी उगाच
खिडकीबाहेरच्या सायकलींकडे बघत राहिलो.

कंपनीनं टी-शर्ट दिले, सगळ्यांना लार्जच.
होते तेच आलेत, म्हणाले.
यमुना पगारे त्यात दोनदा मावते,
बाह्या दुमडून दुमडून कोपरापाशी गाठोडं झालंय.
हे दिंडोरी रोडला बसतात तिथेही लार्ज असतो.
मी एकदा बघितलाय, ग्लासाच्या तळाशी,
दोन बोटंसुद्धा नाही भरत.
आवाज मात्र घरी येतो तो मोठा.

मंगळवारी गंगापूर रोडला बिबट्या शिरला.
एका बंगल्याच्या कॅमेऱ्यात सापडला,
म्हणजे शेपटीच, पाण्याच्या टाकीमागे वळताना.
क्लासच्या सरांनी प्राचीला
इंग्रजी पेपर वाचायला लावलाय.
ती अडखळत वाचते, मी भाकरी थापते.
बिबट्या अजून अ‍ॅट लार्ज.
केवढा गं? मी विचारलं.
वासराएवढा की त्याहून?
ती पेपरात तोंड घालून हसली.
मोठा नाही, आई. मोकळा.
सापडला नाही अजून, असा अर्थ.

शब्दाला असं मागचं दारही असतं,
शिक्का देताना कुणी बोललं नव्हतं.
भाकरी एका बाजूनं करपली.
ती मीच खाल्ली.

रात्री कुत्री लांबवर भुंकत होती,
हे घोरत होते,
आणि मी अंधारात बोटांवर मोजत होते
आमच्यातलं कोण कोण लार्ज.
जाऊबाईंवर अडले.
त्या पहिल्या अर्थानं होत्या फक्त.

आज टेबलावर एक मणी अठराच्या भोकातून
सरळ खाली गेला,
क्रेटच्या मागे, भिंतीपर्यंत.
गांगुर्डे म्हणाले, राहू द्या, बारीक आहे.
मी वाकले नाही.
जेवणाच्या सुट्टीत यमुनाला विचारलं, मिळाला का?
कोण? म्हणाली. मग म्हणाली, नाही बाई.
गोदेच्या कडेनं गेला म्हणतात, मळ्यामळ्यांतून.
तिनं डब्यातली मिरची मला दिली.

संध्याकाळी गेटवर डबी उघडली,
बांगड्या चढवल्या.
उजव्या हातात एक कमी.
पिकअपमध्ये दांडी धरली तेव्हा
त्या पार कोपरापर्यंत घसरल्या आणि परत आल्या,
वाजत.