राज्य माझ्यावर

डंडीत चार मजली इमारतींच्या पाठीमागे
सामाईक हिरवळ असते. इथले लोक तिला बॅकी म्हणतात.
कपडे वाळत घालायचे लोखंडी खांब सहा,
दोरी एकावरही नाही,
म्हणजे गोलपोस्ट तीन.
हा हिशेब मला मॅकलीशच्या पोरानं सांगितला.
नकाशात मी लिहिलं होतं: खांब, जुने, काढणे.

कोपऱ्यात मातीचा एक उंचवटा होता,
कधीतरी ड्रेनेज खणलं, त्यातला उरलेला.
गवत कापायचं यंत्र त्यावर कलंडायचं
म्हणून मी सही केली. एका मंगळवारी सपाट.
तोवर तिथे रोज कुणीतरी राजा व्हायचं
आणि रोज कुणीतरी ढकललं जायचं,
गुडघे हिरवे, आया वैतागलेल्या.
आता गवत नवीन आहे, भांग पाडल्यासारखं,
आणि पोरं कडेच्या कठड्यावर ओळीनं बसून
गटाराच्या जाळीत खडे टाकतात,
एकेक,
आवाज येईपर्यंत थांबून.

काल पाहणीला गेले. सहा महिन्यांनी जावंच लागतं.
हातात टेप, काखेत फाइल.
शोना म्हणाली, खेळतेस?
मी म्हटलं, राज्य माझ्यावर,
आणि मग त्याचा अर्थ सांगत बसले.
इथे डाव ज्याच्यावर येतो त्याला नुसतं 'ते' म्हणतात.
आपण त्याच्या डोक्यावर अख्खं राज्य ठेवतो
आणि त्याला एकटं सोडून पळतो.

खांबाला कपाळ टेकलं. गंजाचा गार वास.
दहा, वीस, तीस, चाळीस...
मागे खडीवर पावलं करकरली,
फरशीवर सपसप गेली,
कचऱ्याच्या डब्यांमागे कुणीतरी खुदकन हसलं,
कुणी त्याला गप्प केलं.
साठ, सत्तर. जिन्याचं दार.
गवताकडून काहीच नाही.
अठरा वर्षं जागा मोजतेय,
डोळे मिटून एकही मोजली नव्हती.

शंभर.
वळले तर सगळे गायब,
फक्त तीन वर्षांचा हेमिश
माझ्या हिरवळीच्या मधोमध, उघड्यावर,
दोन्ही तळवे डोळ्यांवर घट्ट दाबून उभा.
त्याच्यापुरता तो लपलेला होता.

मग मीही त्याला शोधत राहिले
बराच वेळ, मोठ्यानं नाव घेत,
डब्यांमागे, जिन्याखाली,
आणि कोपऱ्यातल्या
त्या नसलेल्या उंचवट्याच्या पलीकडे.