झारेकरी

सराफ बाजाराची शटरं वर जाण्याआधी
दादा दुकानांपुढची धूळ गोळा करत,
पायऱ्यांच्या फटींतली कुंच्यानं,
गटाराच्या तोंडचा गाळ हातानं.
मग सायकलला पोतं लावून थेट गोदेवर.
परातीत धूळ, धुळीवर पाणी,
आणि मनगटाला जरासा झोका.
हलकं निघून जाई.
जड बसे.

मी अंबडला, कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर
ऐन मे महिन्यात स्वेटर घालून
थंड खोलीत हेच करते.
माझी परात शहाण्णव खळग्यांची.
तळाशी चिकटवलेलं, घोणस सापाच्या विषातलं
एकच प्रथिन.
वरून सोडायची अब्जभर प्रतिपिंडं,
प्रत्येकाची मूठ निराळी,
आणि एकानंही हे विष कधी पाहिलेलं नसतं.
मग धुवायचं. पुन्हा धुवायचं.
"किती गं निर्दयपणे धुतेस," इरफाना म्हणते.
ती झारेकऱ्याची लेक नाही.

चौथ्या फेरीत उरली सात.
त्यांतलं एक धरायचं, पण कसं,
मांडवात नवख्या व्याह्याचा हात धरावा तसं.
मग त्याची बोटं घडवायला बसलो.
या वळणावरचं सेरीन काढून टायरोसिन,
शेजारच्याला धक्का लागला की सगळंच ढासळे.
आठ महिने.
मधेच दिंडोरीहून फोन:
द्राक्षबागेत छाटणीला आलेली पेठची बाई,
मंजुळा गावित, घोट्याला दंश,
तुमच्याकडे काही आहे का?
आमच्याकडे प्लेट होती.

मार्गशीर्षात मूठ बसली.
आकडा इतका देखणा की मी तो
दादांना फोनवर वाचून दाखवला.
"पारा पण सोनं असंच धरतो," ते म्हणाले,
"अजून काय काय धरतं ते बघ."
पलीकडे त्यांचा कप बशीवर वाजत होता,
वाजतच होता.
चाळीस वर्षं पाऱ्यात बोटं.

शनिवारी माणसाच्या पेशींवर सोडून पाहिलं.
मूत्रपिंडाच्या पेशींनाही त्यानं धरलं,
तितक्याच मायेनं.
इरफानानं दिवा मालवला, आम्ही
जिन्यात बसून गार चहा प्यायलो.

सोमवारी नवी प्लेट.
उरलेल्या सहांतलं चौथं,
ज्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं.
वहीत तारीख घातली,
खाली लिहिलं:
पहिली धुणी, हलक्या हातानं.