रंजक

सिरिल कोचावर आडवा, उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली.
परवाच मोतीबिंदू काढला. डॉक्टरीण म्हणाली, महिनाभर धक्का नको,
आणि ठासणीच्या बंदुकीला धक्क्यावाचून बोलता येत नाही.
परवाना माझ्याही नावाचा असतो दरवर्षी.
काढते, फ्रिजवर लावते, जानेवारी सरला की फाडते.
यंदा फ्रिजवरून उतरवला.

"दारू घेतलीस?"
घेतली. दोन शिंगं: मोठ्यात जाड दाण्याची, नळीत ओतायची,
छोट्यात पिठासारखी बारीक, कानाशी पसरायची ती रंजक.
सोळा वर्षं झाली, या घरात आता एवढीच दारू.
"कोरडी आहे ना?"
तुझ्याइतकी, म्हटलं.
तो हसला, मग डोळा ठणकला म्हणून थांबला.

गोळ्या सहा मोजल्या. तो कान देऊन ऐकत होता
पत्र्याच्या डबीत पडणारी एकेक.
"अजून."
चार टाकल्या. त्याच्या समाधानाचं वजन वाहायची
माझ्या खांद्याला सवय आहे.

चिंध्या, मेणात आणि चरबीत बुडवलेल्या,
सासूबाईंच्या उशीच्या निळ्या पट्ट्यांच्या अभ्र्याच्या.
जिवंतपणी त्यांनी मला त्याला हात लावू दिला नव्हता.

चकमकी तीन: एक घोड्याच्या जबड्यात आवळलेली, दोन खिशात.
कान कोरायची तार. टर्कीचं पीस, कानात खोचायला,
बर्फाचा कण आत जाऊ नये म्हणून.
सिरिल म्हणतो, बंदूक म्हाताऱ्यासारखी,
कान साफ असला तरच सांगितलेलं ऐकते.
चाकू. दोरी. रबरी हातमोजे.
काळिजासाठी प्लास्टिकची पिशवी;
तिची घडी घालताना मी उगाच खिडकीबाहेर पाहिलं.
पेन्सिल, कारण शाई गोठते.
पावाच्या रिकाम्या पिशव्या, मोज्यांवरून चढवायला.
खोकल्याच्या गोळ्यांचे कागद आत्ताच काढून टाकले,
रानात कागद फार बोलतो.
थर्मास. नारिंगी टोपी, त्याची, माझ्या भुवयांवर घसरणारी.

बंदूक मात्र पडवीतच. उबेत आणली की तिला घाम फुटतो.
"पडवीत आहे ना?"
आहे.
"नक्की?"
मी दार उघडून त्याच्या अंगावर थोडी थंडी सोडली.

दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही.
जुन्या खाणीच्या काळ्या ढिगाऱ्यामागे, हेमलॉकच्या आडोशाला बसले.
पिशवीतलं निम्मं लागलंच नाही.
तीन वाजून गेल्यावर हरणी आली, वीस पावलांवर,
नाकावर बर्फ घेऊन.
घोडा ओढला, चाप दाबला,
चकमक झडली, रंजक भुर्रकन पेटली,
आणि आत काहीच नाही.
फुसका बार.
धुरापलीकडून ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मी काहीतरी विचारलं होतं
आणि तिला नीट ऐकू आलं नव्हतं.
मग गेली. घाईनंसुद्धा नाही.

ठासलेली बंदूक घरात आणायची नाही, हा सिरिलचा नियम.
अंधाराच्या आत कान कोरला, नवी रंजक घातली,
उताराच्या मातीवर नेम धरला.
पहिल्याच झटक्याला गरजली बया!
फांद्यांवरचं सगळं बर्फ माझ्या टोपीवर.

घरी आले तर गॅरेजात दिवा.
एका डोळ्यानं त्यानं सुऱ्यांना धार लावलेली,
तुळईचा आकडा खाली सोडलेला,
फरशीवर महिन्याभराची वर्तमानपत्रं अंथरलेली.
"बार ऐकला," तो म्हणाला. "एकच. म्हणजे बसलाच."
मी पिशवी खाली ठेवली.
डबीत नऊ गोळ्या खुळखुळल्या. त्यानं त्या नक्कीच मोजल्या.
मी काही न बोलता पायांतल्या
पावाच्या पिशव्या सोडायला बसले.